अठ्ठावन्न वाक्यांची विहीर

२० नोव्हेंबर १९७२, सोमवार

आज टपालात एकदाचं काहीतरी कामाचं आलं. एरवी तालुक्याहून येतं ते माहिती मागवणारं, नाहीतर पाठवलेली माहिती चुकली म्हणून झापणारं. जिल्ह्यातल्या एका शिक्षणप्रेमी मंडळानं स्पर्धा काढली आहे : 'सगळी शाळा, एक गोष्ट'. पहिलीपासून सातवीपर्यंत प्रत्येक मुलानं आपल्या हातानं एक वाक्य लिहायचं आणि त्या सगळ्यांची मिळून एकच गोष्ट झाली पाहिजे. शिक्षकानं शब्दही बदलायचा नाही. लबाडी नको म्हणून समासात प्रत्येक वाक्यापुढे लिहिणाऱ्याचा हजेरी नंबर घालायचा. ३१ जानेवारीला वही नगरला पोचली पाहिजे. पहिल्या येणाऱ्या शाळेला पुस्तकांचं कपाट आणि मुख्याध्यापकाचा जाहीर सत्कार.

कपाट राहू दे वाघजाळीला. मला सत्कार हवा. सत्काराला साहेब लोक येतात, आणि साहेबांसमोर हार घालून उभ्या असलेल्या माणसाचा बदलीचा अर्ज चौथ्यांदा परत येत नाही. श्रीरामपूरचे पाटाच्या पाण्याचे मळे सोडून जामखेड तालुक्याच्या या फुफाट्यात आलो त्याला तीन वर्षं झाली. बायको-मुलं तिकडेच आहेत.

पट अठ्ठावन्नचा. शिक्षक दोन, मी आणि सहादेव गुरुजी. ते याच गावचे, पण तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्यासारखे.

परिपत्रक वाचून दाखवताना सातवीतला छगन फिदीफिदी हसला. दहा छड्या दिल्या. हात मागे घेतला म्हणून वर दोन. मी मारतो, आणि ते लपवत नाही. माझ्या गुरुजींनी मला गुरासारखं बडवलं म्हणून मी आज खुर्चीवर बसलो आहे.

२१ नोव्हेंबर

आप्पासाहेबांना स्पर्धेचं सांगितलं. खूष झाले. हे गावचे सरपंच आणि आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. मी त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत राहतो, जेवणाचं ताटही त्यांच्याच घरातून येतं. सगळं गाव रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी खातं आणि दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडतं. माझ्या ताटात पांढरी ज्वारी असते. माणसानं उपकार विसरू नयेत.

ताट आणते त्यांची धाकटी मुलगी चांगुणा, आमच्या सातवीतली. पूर्वी सून आणायची, मनकर्णा. थोरल्या गोरक्षची बायको. वीस-एकवीसची असेल. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी पाय घसरून मळ्यातल्या विहिरीत पडली आणि बुडाली. संध्याकाळी मला बोलावणं आलं. पंचनाम्याला शिकला-सवरलेला माणूस हवा होता. विहिरीच्या काठावर गोधडीत गुंडाळून ठेवली होती. मला असलं बघवत नाही. कागद वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या आणि पंच म्हणून सही केली.

पोर गुणी होती. वरणाला फोडणी चांगली द्यायची.

२७ नोव्हेंबर, सोमवार

गोष्टीचा विषय मीच ठरवला. दुष्काळ आहे तेव्हा 'राजाची विहीर'. राजाच्या राज्यात पाणी नाही, प्रजा श्रमदान करते, झरा लागतो, सगळे सुखी. परीक्षकांना असलं पटकन आवडतं. फळ्यावर पहिलं वाक्य लिहून दिलं : 'आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता.' पुढचं त्यांनी न्यायचं.

विहीर म्हटल्याबरोबर सगळी शाळा चिडीचूप. इकडून तिकडे नुसती बघताहेत. 'अरे विहीर पाहिली नाही का कधी?' विचारलं. तिघांचे कान पिळले, तेव्हा कुठे वही फिरायला लागली.

सहादेव गुरुजी म्हणाले, वर्गात उजेड कमी आहे, दक्षिणेची खिडकी उघडू या. मी नाही म्हणालो. ती मीच ठोकून टाकली आहे. तिच्यातून आप्पासाहेबांचा मळा दिसतो आणि पोरांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. दसऱ्यानंतरच्या त्या गुरुवारी, भर दुपारी शुद्धलेखन चाललेलं असताना अख्खी शाळा उठून त्या खिडकीला लोंबकळली. 'गुरुजी, कोन तरी वरडतंय!' ओरडेना का! मळ्यात माणसं ओरडतातच. निरगुडीचा फोक घेतला आणि दिसेल त्या पाठीवर ओढला. खिडकी लावली, वर खिळे ठोकले. तेव्हापासून शांतता आहे.

२ डिसेंबर

पहिली-दुसरी आटोपली. एक नंबर सव्वासहा वर्षांचा. त्याचं वाक्य : 'राजाला लई भूक लागली.' हसून हसून पुरेवाट झाली. त्यातलं 'लई' काढता येत नाही, नियम आहे. नऊ नंबर : 'राजाने विहिरीला काटे लावले.' कुणी पाणी नेऊ नये म्हणून, असं विचारल्यावर म्हणाला. राजा खलपुरुष होतोय. होऊ दे, शेवटी सुधारेल.

वहीचा घोटाळा होऊ नये म्हणून मी पोरांना नंबर आणि वाक्य घोकायला लावलं आहे. नंबर पुकारला की त्यानं उभं राहून आपलं वाक्य म्हणायचं. रोज परिपाठाला करतो.

९ डिसेंबर

तिसरी आणि चौथी. गोष्टीनं चांगलंच वळण घेतलं. उतरवून ठेवतो :

१७ : राजाच्या घरात एक सून होती, तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या.
१८ : तिने काटे सारले आणि सगळ्या बायांना पाणी भरू दिले.
१९ : माझ्या आईने दोन हंडे नेले.
२१ : म्हणून सासूने तिला चुलीतल्या लाकडाने मारले.
२४ : तरी तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा काटे सारले.

एकोणीस नंबरच्या पोरीला विचारलं, राजाच्या गोष्टीत तुझी आई कुठून टपकली? मान खाली. दोन फटके दिले. रडली नाही. वाक्यही बदलायला तयार नाही, आणि नियमानं मला बदलता येत नाही. बाकी सून आणल्याचं कौतुक वाटलं. आपल्या जुन्या कहाण्यांतून विहिरीला नाहीतर तळ्याला सुनेचा बळी देतातच. पोरांनी घरी आज्ज्यांकडून ऐकलेलं असणार. परीक्षकांना हे लोकपरंपरेचं अंग नक्की भावेल.

सहादेव गुरुजींनी वही वाचली. म्हणाले, 'सर, हितंच थांबवा. नगं ही वही.' मी म्हणालो, तुमच्या वर्गातली वाक्यं लुळी आहेत म्हणून पोटात दुखतंय का? ते उठून गेले. जळतात, दुसरं काय.

१८ डिसेंबर, सोमवार

आज हात जास्त चालला. लिहून ठेवतो, कारण मन स्वस्थ नाही.

पाचवीपर्यंत गोष्ट ऐन रंगात आली होती. एकतीस : 'राजपुत्राने तिला केसाला धरून मळ्यात नेले.' तेहतीस : 'बांगड्या वाटेवर फुटत गेल्या.' चौतीस : 'त्याने तिला वरून खाली टाकले.' कसं झपाट्यानं चाललं आहे! पस्तीस : 'विहिरीत गुडघाभर पाणी होते, बाकी खडक होता.' आणि मग अडतीस नंबर, रशीद. बाबाजानचा मुलगा. हा बाबाजान विहिरीतला गाळ काढायचं काम करतो. मनकर्णाला दोर बांधून वर काढायलाही त्यालाच उतरवलं होतं. रशीदनं लिहिलं : 'तिला वर काढली तेव्हा तिचे केस कोरडे होते.'

मी म्हणालो, विहिरीत बुडालेल्या बाईचे केस कोरडे कसे? तर्काला धरून लिही. म्हणाला, 'कोरडेच व्हते.' मी म्हणालो, परीक्षक हसतील, ओले कर. म्हणाला, 'वले नव्हते गुरुजी. मागं रगत व्हतं, पन वले नव्हते.' सगळ्या वर्गासमोर उलट उत्तर! माझं डोकं फिरलं. हात पुढे करायला लावला. पहिल्या पाचाला त्यानं हूं केलं नाही, त्यानं मी आणखी भडकलो. छडी मोडली तेव्हा पट्टी घेतली, तिची कड लागली. मधलं बोट वाकडं झालं. तरी म्हणतोय, 'कोरडेच व्हते.'

बाकीची पोरं बघत होती. भेदरलेली नव्हती. कशी ते मला सांगता येत नाही.

१९ डिसेंबर

रशीदची आई मुबारकबी शाळेच्या दारात आली. मला वाटलं भांडेल. पोराच्या बोटाला हळदीची पट्टी होती.

म्हणाली, 'पोराला मारलं त्याचं न्हाई म्हनत मी. शिकवायला मारता. पन गुरुजी, ह्याचा बाप त्या दिसापासनं तोंडातनं सबूद काढत न्हाई. भाकर म्होरं ठिवली तरी भिंतीकडं बघत बसतो. आमच्या घरात बोलनारं आता ह्येच एक हाय. त्याचं वाक्य ऱ्हाऊ द्या.'

वाक्य राहील म्हणालो, नियमच आहे. ती पदर सावरून गेली. नवऱ्याला काहीतरी मानसिक असावं. जामखेडच्या दवाखान्यात दाखवा म्हणायला हवं होतं.

५ जानेवारी १९७३

सहावी संपली, सातवीही होत आली. गोष्ट आता जरा जास्तच काळी झाली आहे, पण ताकद आहे, ताकद आहे! छगननं तर कमाल केली. छप्पन नंबर : 'राजाने पंडिताला बोलावले आणि पंडिताने न बघता कागदावर सही केली.' दरबाराची जाण आहे पोराला. मी पाठ थोपटली तर दचकून मागे सरला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

फक्त शेवटचं वाक्य उरलं. अठ्ठावन्न, चांगुणा. हजेरीत मुलींची नावं मुलांनंतर असतात आणि सातवीत मुलगी ही एकटीच, म्हणून शेवट आपोआप तिच्याकडे आला. बरंच झालं. आप्पासाहेबांची मुलगी शेवट गोड करेल. २६ जानेवारीला झेंड्याखाली सगळ्या गावापुढे गोष्ट वाचायची असं त्यांना सांगितलं. म्हणाले, 'वाचा की. आमच्या शाळंचं नाव निघू द्या.'

२५ जानेवारी, गुरुवार

चांगुणाला वाक्य तोंडी सांगितलं : 'आणि विहिरीला भरपूर पाणी लागून सर्व सुखी झाले.' तशी ही लबाडीच, पण एका वाक्याची. ती म्हणाली, 'मी माझं लिहीन.' कधी? 'लिहीन.' ताट ठेवताना तिचा हात दिसला. कोपरापासून मनगटापर्यंत वळ. विचारलं तर म्हणाली, 'भाकरी करपली म्हून दादानं मारलं.' मुलीच्या जातीवर एवढा हात टाकू नये. गोरक्ष तापट आहे.

२६ जानेवारी, शुक्रवार

ओठ फाटला आहे आणि उजव्या कानात शिट्टी वाजते आहे. पण जे झालं ते आजच लिहिणार.

झेंडा झाला. सगळं गाव बसलं होतं. पुढे खुर्चीवर आप्पासाहेब, बाजूला गोरक्ष, मागे बायका. मी वही उघडली. एक नंबरच्या भुकेला सगळे खळखळून हसले. काट्यांपाशी हसू थांबलं. बांगड्यांपाशी एका बाईनं तोंडात पदर कोंबला. दोन हंड्यांपाशी बायकांमधून हुंदका आला. मला वाटलं, वा, गोष्ट भिडते आहे. मी आवाज चढवला. काय मूर्ख माणूस मी! छातीवर हात ठेवून वाचत होतो.

'तिला वर काढली तेव्हा तिचे केस कोरडे होते,' हे वाचलं आणि मागे निंबाखाली बाबाजान उभा राहिला. तीन महिने मुका असलेला माणूस. मोठ्यानं म्हणाला, 'व्हय. कोरडे व्हते.'

तेव्हा मला कळलं. सगळ्या गावात सगळ्यांत शेवटी मला. सगळी पोरं दोन महिने मला सांगत होती आणि मी त्यांना तर्क शिकवत होतो. प्रत्येकानं जेवढं पाहिलं होतं तेवढंच लिहिलं होतं. एकट्यानं सांगायची छाती कुणाची नव्हती, म्हणून सगळ्यांनी एकेक वाक्य उचललं.

मी वाचायचं थांबलो. लिहायला लाज वाटते, पण थांबलो. वही मिटली आणि 'जय हिंद' म्हणालो.

गोरक्षनं खुर्ची माझ्या तोंडावर घातली. पडलो तसा लाथा. वही हिसकावून घेतली. सहादेव गुरुजी मधे आले तर त्यांना झेंड्याच्या कट्ट्यावर आपटलं, कपाळ फुटलं. बाबाजानकडे आप्पासाहेबांचे चौघे गडी धावले. पोरांच्या किंचाळ्या, बायकांची पळापळ. आप्पासाहेब खुर्चीतून उठले नाहीत. एवढंच म्हणाले, 'नंबर हायेत समासात. हजेरी घ्या.'

गोरक्षनं माझी गचांडी धरून कचेरीत नेलं. 'हजेरी कुटं हाय?' कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. मी किल्ली काढून दिली. तिथे दोन थोबाडीत बसल्या होत्या फक्त. रशीदनं बोट मोडून घेतलं पण शब्द बदलला नाही. मी दोन थोबाडीत किल्ली दिली.

वही शाळेच्या अंगणातच जाळली.

२७ जानेवारी

हजेरीतला नंबर, नंबरावरून नाव, नावावरून घर. सकाळपासून तेच चाललं. बापांना चावडीपुढे ओढत आणतात. पोराचं वाक्य काय होतं ते विचारतात आणि मारतात. दोन हंडेवालीच्या आईच्या पाठीत घागर घातली. छगनच्या बापाचे दात पाडले. बाबाजानला बैलाच्या पराणीनं मारलं. तिच्या टोकाला आर असते, लोखंडी. तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, 'कोरडे व्हते, कोरडे व्हते,' जीभ सुटल्यावर थांबेचना. शेवटी शुद्ध हरपली. रशीद बापाच्या अंगावर पडला तर त्यालाही.

हे सगळं मी माझ्या दारातून बघितलं. समासातले नंबर मी घालून घेतले होते. सुवाच्य अक्षरात.

दुपारी आप्पासाहेब आले. काठी टेकवून माझ्या खाटेवर बसले. आवाज अगदी मऊ.

'गुरुजी, पोरांचा खेळ व्हता, झाला. तुमची बदली मी बघतो, म्हैन्यात श्रीरामपूरला. गप ऱ्हावा.' मग उठता उठता म्हणाले, 'आन पंचनाम्यावर सही तुमची हाय. बुडून मेली म्हून. फौजदार पयलं तुमालाच इचारंल.'

भिंतीपलीकडे चांगुणाला मारत होते. गोरक्ष आणि तिची आई मालनबाई, दोघं. 'शेवटचं वाक्य काय लिवनार हुतीस? सांग!' दर फटक्याला हाच प्रश्न. ती ओरडत होती पण वाक्य सांगत नव्हती. मी कानांवर हात ठेवून बसलो. नंतर हात काढले. निदान ऐकावं.

भिंतीपलीकडून ऐकल्यावर छडीचा आवाज वेगळा वाटत नाही, घरातला काय आणि शाळेतला काय.

२९ जानेवारी, सोमवार

शाळा उघडली. कुणी येणार नाही असं धरून चाललो होतो. एकतीस मुलं आली. सुजलेली तोंडं, लंगडणारे पाय. सहादेव गुरुजी कपाळाला फडकं बांधून आले.

हजेरीपुस्तक नव्हतं, पण नंबर मला पाठ आहेत. खाली बघून पुकारलं, 'एक.'

एक नंबरचं बारकं पोर ताडकन उभं राहिलं आणि म्हणालं, 'राजाला लई भूक लागली.'

परिपाठात दीड महिना घोकलं होतं. नंबर पुकारला की वाक्य. त्याला वाटलं आता हजेरीचं असंच असतं. कुणी हसलं नाही. मी 'दोन' म्हणालो. दोन नंबर 'हजर' म्हणाला नाही, त्यानंही वाक्य म्हटलं. मग तीन. जो आला नव्हता त्याचं वाक्य शेजारी बसणाऱ्यानं म्हटलं. अडतिसाला रशीद भिंत धरून उभा राहिला. मी मान वर करून बघितलं. म्हणाला, 'तिला वर काढली तेव्हा तिचे केस कोरडे होते.' बरोबर आहे, बस, असं मी म्हणालो.

छप्पनला छगननं माझ्याकडे सरळ बघत पंडिताचं वाक्य म्हटलं.

सत्तावन्न झाले. अठ्ठावन्न पुकारलं. चांगुणा आली नव्हती. तिची वाक्याची ओळच कोरी होती, शेजारी तरी काय म्हणणार?

सत्तावन्न वाक्यं मी या दैनंदिनीत मागच्या पानांवर उतरवून घेतली. या वेळी समासात नंबर घातले नाहीत. मग हातोडी आणून दक्षिणेच्या खिडकीचे खिळे काढले. सहादेव गुरुजींनी फळी धरली. विहीर इथून दोनशे पावलांवर आहे. मला वाटत होतं त्याहून फार जवळ.

३० जानेवारी

सहादेव गुरुजींनी आज आपणहून तोंड उघडलं. 'सर, मला त्याच दिशी सांजच्याला म्हाईत झालतं. माझं घर हितं, जमीन हितं. तुमी बाहेरचं, म्हून वाटलं तुमी तरी...' मी बाहेरचा होतो, पण ज्वारी आतली खात होतो.

रात्री जेवण आलं नाही. गेले तीन दिवस येत नाही. सहादेव गुरुजींच्या बायकोनं, साळूबाईंनी, मिलोची भाकरी बांधून दिली. घशाखाली उतरायला वेळ लागतो.

विचार ठरला. वही जळली तरी ही दैनंदिनी आहे. जामखेडला फौजदाराकडे न्यायची, आणि त्यांनी दाबलं तर नगरला. सही माझी आहे, खोटी आहे, हे सांगायचं. काय व्हायचं ते होईल. हे ठरवल्यावर जरा बरं वाटलं. आपण अगदीच वाया गेलो नाही असंही मनात आलं.

३१ जानेवारी, बुधवार

आज वही नगरला पोचायची होती.

दुपारी मळ्यावर पाहुणे आले म्हणून घरचे पुरुष तिकडे गेले. मी पिशवी भरत होतो. दार ढकलून चांगुणा आत आली. ताट नव्हतं. एक डोळा मिटलेला, केस एका बाजूनं कापून टाकलेले. म्हणाली, 'आई वाळवनापाशी हाय. लौकर द्या.'

'काय?'

'वही.'

मी म्हणालो, वही जळली पोरी. तिनं टेबलावरच्या दैनंदिनीकडे बोट केलं. वाक्यं यात उतरवल्याचं पोरांकडून कळलं असणार. मी पान उघडून दिलं, टाक दिला. म्हणालो, नंबर घालू नकोस, गरज नाही. तिनं आधी समासात नंबर घातला. मग वाक्य लिहिलं. शाई वाळायचीही वाट बघितली नाही. जाताना उंबऱ्यावर थांबली. मी म्हणालो, तू चल माझ्याबरोबर. 'मंग त्ये तुमालाच धरतील. पोर पळवली म्हनतील,' असं म्हणून गेली. मागून कडीचा आवाज आला.

तिनं लिहिलेलं हे :

५८ : ती पडून जिती होती, दुपारभर हाका मारीत होती, शाळेपर्यंत ऐकू येत होत्या, आणि गुरुजींनी खिडकी लावली.

चारच्या जामखेड गाडीत बसून लिहितो आहे. हादऱ्यांनी अक्षर वेडंवाकडं येतं. सहादेव गुरुजी चांगुणाच्या घरासमोर जाऊन बसले आहेत, मी येईपर्यंत उठणार नाहीत. गाडीत बसल्याबरोबर मी तिच्या वाक्याचं हे पान दोन बोटांत धरलं आणि ओढलं. बाकी सत्तावन्न पुरेत, असं मनाला सांगत होतो. टोक फाटलं आहे, एक इंचभर. तेवढंच.

फौजदारांनी विचारलं, पानाचं हे टोक कुणी फाडलं, तर सांगायचं, मी.